चालींचा वाद : 'वीरतनय' ते 'सैराट'

जबलपुरातली मराठी माणसे एखाद्या निमित्ताने जमली, मग ते निमित्त गणेशोत्सवाचे असो वा महाराष्ट्र दिनाचे, की श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे महाराष्ट्रगीत बहुधा म्हटले जातेच. गोलबाजार, राइट टाउन, नेपियर टाउन या जुन्या वस्त्यांतल्या आजोबांना ते पाठ असते आणि विजय नगरसारख्या नव्या वसाहतीत वाढलेली नातवंडे पहिल्या दोन ओळींनंतर त्यांच्या तोंडाकडे पाहत सूर धरतात. या गीताचा कर्ता मुंबई इलाख्यातला नव्हता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कोल्हटकरांचा जन्म १८७१ सालचा, नागपूरचा. वकिलीची सनद घेऊन त्यांनी आयुष्य काढले ते अकोला, खामगाव, जळगाव जामोद या वऱ्हाडी गावांत. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि त्यानंतर खामगावचे हे वकील आणि जबलपूरचे मराठी कारकून, शिक्षक, रेल्वेतले नोकर एकाच प्रांताचे रहिवासी झाले. महाराष्ट्राचे गीत लिहिणारा कवी आपल्याच मध्यप्रांतातला होता, याचा अभिमान इथल्या माणसांनी जरूर बाळगावा. पण या लेखात आपल्याला शोध घ्यायचा आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. आज सर्वमान्य झालेला हा कवी आपल्या काळातला सर्वांत वादग्रस्त गीतकार होता. विनोदी लेखक, कोट्यांचा बादशहा आणि परक्या चालींचा शौकीन. त्याच्या नाटकातल्या पदांवर जे दोन तट पडले, ते सव्वाशे वर्षांनंतरही मोडलेले नाहीत. गाणे बदलले, वाद्ये बदलली, आरोपीच्या पिंजऱ्यातली माणसे बदलली. आरोपपत्र मात्र बरेचसे जुनेच राहिले.

हा वाद समजून घ्यायचा तर आपल्याला कोल्हटकरांच्याही मागे जावे लागेल. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा गाणे हे एकट्या सूत्रधाराचे काम होते. पात्रे नाचत, भाषणे करीत. पदे म्हणे तो सूत्रधार. पात्रांनी स्वतः गावे, संवादाच्या ओघात गावे, ही कल्पना रुजायला तीन तपे लागली. तिचे श्रेय आपण सरसकट अण्णासाहेब किर्लोस्करांना देतो, पण त्यांच्या आधी एक वर्ष, १८७९ साली, सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी 'नल-दमयंती' हे संगीत नाटक आणले होते. त्रिलोकेकरांचे नाव आज अभ्यासकांच्या पुस्तकांबाहेर ऐकू येत नाही. वाट पाडणाऱ्याला विसरून तिच्यावरून मिरवणूक नेणाऱ्याला लक्षात ठेवण्याची आपली सवय जुनी आहे. ती मिरवणूक निघाली ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहातून. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक त्या रात्री झाले. संपूर्ण नाटकात पदे दोनशेच्या आसपास. साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीते, म्हणजे कीर्तनातून आणि घरातल्या माजघरातून ओळखीची झालेली वृत्ते. ऐकणाऱ्याला ती आपली वाटली यात नवल नव्हते.

तरी दोन बारकावे इथे नोंदवून ठेवले पाहिजेत, कारण पुढचा सारा वाद त्यांच्यावरच फिरतो. अण्णासाहेबांना संगीत नाटकाची ओढ लागली ती पारशी मंडळींनी केलेला 'इंद्रसभे'चा प्रयोग पाहून, असे मराठी रंगभूमीचा इतिहास सांगतो. 'इंद्रसभा' मुळात लखनौची. आगा हसन अमानत यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, वाजिद अली शाहच्या काळात लिहिली. म्हणजे अस्सल मराठी म्हणून ज्याला आपण मिरवतो, त्या संगीत नाटकाच्या पाळण्याची दोरी एका उर्दू खेळाने हलवली होती. दुसरा बारकावा असा की अण्णासाहेब स्वतः बेळगाव-धारवाडकडच्या कानडी मुलखातले. १८८२ सालच्या 'सौभद्रा'त त्यांनी कानडी चाली मोकळ्या हाताने घेतल्या. श्रोत्यांनी त्यावर आक्षेप घेतला नाही, कारण शब्द प्रासादिक होते आणि विनोद घरगुती होता. बलराम, कृष्ण, सुभद्रा ही मंडळी ब्राह्मणी वाड्यातल्या नातेवाइकांसारखी बोलत-गात होती. चाल परकी आहे हे कळायला शब्द आधी अडावा लागतो, आणि 'सौभद्रा'त तो कुठेच अडला नाही.

१८८५ साली अण्णासाहेब गेले आणि किर्लोस्कर मंडळी नव्या नाटककाराच्या शोधात राहिली. इकडे डेक्कन कॉलेजात शिकणारा वऱ्हाडातला एक तरुण पारशी कंपन्यांचे उर्दू-गुजराती खेळ वेड लागल्यासारखा पाहत होता. १८९३ साली त्याने 'विविधज्ञानविस्तारा'त 'विक्रमशशिकला' या नाटकाचे परखड परीक्षण लिहिले आणि दुसऱ्यांच्या नाटकांतले दोष दाखवणाऱ्याने स्वतः लिहून दाखवावे, या जबाबदारीत तो आपोआप ओढला गेला. १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने या तरुणाचे, म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे, 'वीरतनय' रंगभूमीवर आणले. मंडळीचे लाडके गायक नट भाऊराव कोल्हटकर तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. नाटकाचा पडदा वर गेला आणि श्रोत्यांच्या कानावर पडल्या त्या पारशी रंगभूमीवरच्या लचकत्या, उडत्या, ठेक्याच्या चाली. साकी-दिंडीची संथ चालणारी पालखी थांबली होती. कथाही पुराणातली नव्हती. कल्पनेने रचलेली होती. एकाच रात्री दोन्ही खुंट्या उपटल्या गेल्या.

यानंतरची दहा-पंधरा वर्षे आपण जरा सावकाश पाहू, कारण मराठी गाण्यावरच्या मतभेदाचा साचा या काळात घडला. कोल्हटकरांवरचे आक्षेप दोन प्रकारचे होते आणि ते नेहमी एकत्र केले गेले, ही खरी गोची. पहिला आक्षेप चालींवर : या चाली मराठी नाहीत, रागाचा विस्तार करायला त्यांत जागा नाही, त्या नाटकवाल्यांच्या, उथळ. दुसरा आक्षेप शब्दांवर : आधी ठरलेल्या परक्या चालीत बसवण्यासाठी शब्द पिळले जातात, समास लांबतात, अन्वय लावता लावता पद संपून जाते. त्यातच कोल्हटकरांचा स्वभाव कोटीचा. वाक्यावाक्याला श्लेष साधण्याची त्यांची बुद्धी गद्य संवादांत लखलखे, पण गाताना श्लेष उलगडायला श्रोत्याला वेळ कुठला? त्यांचे समर्थक सांगत, रंगभूमीला नवे रक्त मिळाले, तरुण पोरे या चाली रस्त्याने गुणगुणत जातात, आणि कथेला साजेशी गती गाण्याला प्रथमच आली. माझ्या मते चालींच्या बाबतीत कोल्हटकर बरोबर होते आणि शब्दांच्या बाबतीत त्यांचे टीकाकार. साकी-दिंडीच्या चक्रातून गाणे बाहेर काढणे आवश्यकच होते. पण चालीचे वळण आणि मराठी शब्दाचा स्वाभाविक आघात यांची सांगड घालण्याची हातोटी त्यांच्यापाशी नव्हती, म्हणून 'मूकनायक', 'गुप्तमंजूष', 'मतिविकार' या नाटकांतली पदे आज ओठांवर राहिलेली नाहीत. याउलट गोविंद बल्लाळ देवलांची 'शारदा' पाहा. १८९९च्या जानेवारीत ती प्रथम झाली ती इंदूरला, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातच. जरठकुमारी विवाहाचा विषय, आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची भाषा इतकी साधी की तिचे पद ऐकताना श्रोत्याला शब्दांचा विचारही करावा लागत नाही. किर्लोस्करांचा शिष्य जुन्या वाटेने चालत लोकांच्या काळजाला हात घालत होता, त्याच सुमाराला वऱ्हाडातला विनोदकार नवी वाट पाडताना ठेचकाळत होता. दोघांचीही नाटके एकाच किर्लोस्कर मंडळीने केली, ही त्या मंडळीच्या मनाची मोठीच उदारता म्हणायला हवी.

कोल्हटकरांची बुद्धी ज्यात खरोखर फुलली तो विनोद त्यांनी 'सुदाम्याच्या पोह्यां'त ठेवला. १९१० साली हे अठरा लेख पुस्तकरूपाने आले, पुढे ते बत्तीस झाले. राम गणेश गडकरी स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेत, आणि गडकऱ्यांनंतर विडंबनाची ही गादी 'झेंडूची फुले' लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांकडे आली. चालींचा वारसा मात्र वेगळ्या दिशेने गेला. १९११ साली 'मानापमान' आले. नाटककार खाडिलकरांच्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या, कजरीच्या वळणाच्या चाली दिल्या. बनारस-लखनौकडचा हा माल 'वीरतनया'तल्या मालापेक्षा कमी परका नव्हता, पण तो मुरलेल्या गायकीतून आला, टेंब्यांच्या हार्मोनियमच्या नाजूक बोटांतून आला, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढच्या एका पिढीत तीच पदे 'आपले खरे नाट्यसंगीत' ठरली. आज नाट्यगीतांच्या मैफलीत डोळे मिटून मान डोलावणाऱ्याला आपण कजरी ऐकतो आहोत याची आठवणही राहत नाही.

गाणे लांबत गेले, वन्समोअर वाढत गेले, नाटक मागे पडले; आणि १९३३च्या १ जुलैला मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हा प्रयोग केला. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे, रूपांतर श्री. वि. वर्तकांचे, आणि संगीत केशवराव भोळ्यांचे. हे भोळेही अमरावतीचे, वऱ्हाडचेच, ही गोष्ट मला सुखावते. डॉक्टर व्हायला मुंबईला आलेला हा माणूस गाण्यात रमला, आणि 'एकलव्य' या टोपणनावाने 'वसुंधरा' साप्ताहिकात त्याने तेव्हाच्या नामवंत गायकांची जी चिकित्सा केली, तिने मराठी संगीतसमीक्षेचा पाया घातला. एकाच माणसाने आधी कठोर परीक्षक व्हावे आणि मग स्वतः रचना करून परीक्षेला बसावे, हा कोल्हटकरांचाच प्रवास त्यानेही केला. 'आंधळ्यांच्या शाळे'त ज्योत्स्नाबाई भोळे मोजकी, आटोपशीर पदे गायल्या. पियानो-व्हायोलिनसारख्या पाश्चात्त्य वाद्यांना रंगभूमीवर मानाची जागा मिळाली आणि प्रसंगामागे वाजणारे संगीत हा स्वतंत्र विचार मराठीत आला. तानांची आस धरून आलेले रसिक रुसले. हे भावगीत आहे, नाट्यगीत नव्हे, असे म्हणाले. भोळे तोवर पुढे निघून गेले होते. 'प्रभात' फिल्म कंपनीत त्यांनी 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू' अशा चित्रपटांना संगीत दिले. १९३७च्या 'कुंकू'त तर शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. दोनच वर्षांनी 'माणूस'मध्ये अनंत काणेकरांच्या लेखणीतून आणि मास्तर कृष्णरावांच्या चालीतून असे एक गाणे उतरले, की ज्यात कोठीवर गाणारी नायिका अनेक भाषांत कडवी म्हणते. त्याच चित्रपटात बॉम्बे टॉकीजच्या बागेतल्या प्रेमप्रसंगांची हुबेहूब खिल्ली आहे. विनोद आता चालीत शिरला होता. शब्दांत कोटी असावी लागत नव्हती. ठेका बदलला, वाद्य बदलले, की ऐकणारा हसत होता.

इथपर्यंत आलेल्या वाटेला गोव्याकडून एक मोठी वाट येऊन मिळते, आणि तिच्याविषयी मराठी लेखनात पुरेसे बोलले गेलेले नाही, याचे मला वाईट वाटते. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. ही मुले मोठी होऊन मुंबईला आली, हॉटेलांत आणि मग स्टुडिओंत वाजवू लागली. संगीतकार पेटीवर चाल सांगे. तिच्यासाठी तीस-चाळीस वादकांनी कुठे काय वाजवायचे, हे पाच रेघांवर लिहून देणारा गोवेकर असे. पडद्यावर त्याचे नाव क्वचितच झळके. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी यापुढचे पाऊल टाकले. व्हायोलिनवादक, अरेंजर, आणि प्यारेलाल शर्मांचे गुरू असलेल्या या माणसाने रागांवर आधारलेल्या सिंफनी रचल्या आणि १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा करून त्या वाजवून दाखवल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. प्रयोग फार पुढे गेला नाही. शास्त्रीय संगीतवाल्यांना हार्मनी नको होती, पाश्चात्त्य संगीतवाल्यांना राग नको होते, आणि चित्रपटसृष्टीला अशा गोष्टीसाठी पैसा नव्हता. शिष्याने १९७७ साली एका हिंदी गाण्यात गुरूचे नाव अमर केले, म्हणून आज ते नाव आपल्याला माहीत आहे; माणूस माहीत नाही. मोठा वाद्यमेळ भारतीय चालीच्या अंगावर चढवायचा म्हणजे काय करायचे, याचे पहिले गंभीर उत्तर देणारा हा पूर्वज होता, हे 'सैराट'कडे वळण्याआधी आपण मनाशी पक्के करून ठेवू.

मधला काळ थोडक्यात पार करू. १९५३ सालच्या 'गुळाचा गणपती'त कथा, संगीत, दिग्दर्शन, अभिनय असा सारा संसार पु. ल. देशपांड्यांनी एकहाती मांडला. विनोदकार आणि संगीतकार एकाच देहात पूर्णपणे नांदले ते इथे. कोल्हटकरांना न साधलेली सांगड पुलंना साधली, कारण त्यांचा कान आधी पेटीवाल्याचा होता आणि मग लेखकाचा. १९७८ साली त्यांनीच ब्रेख्तचा 'थ्रीपेनी ऑपेरा' मराठीत 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून आणला, आणि थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली तो केला. या नाटकाची वंशावळ मोठी मौजेची आहे. १७२८ साली लंडनच्या जॉन गेने इटालियन ऑपेराची टर उडवण्यासाठी रस्त्यावरच्या चाली घेऊन भिकाऱ्यांचा ऑपेरा लिहिला. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ साली, बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइलने त्याला नवे रूप दिले. आणि पन्नास वर्षांनी तो पुण्यात लावणी, नाट्यगीत आणि पाश्चात्त्य पॉप असे तिन्ही पेहराव एकाच अंगावर घालून उतरला. कुणाला ही खिचडी वाटली, कुणाला मराठी गाण्याचा अख्खा इतिहास एका रात्रीत ऐकल्यासारखे झाले. याच दशकात दादा कोंडक्यांची 'सोंगाड्या', 'पांडू हवालदार' यांतली द्व्यर्थी गाणी गावोगाव वाजत होती, आणि पांढरपेशी घरांत मुलांसमोर रेडिओ बंद केला जात होता. गाण्यातला विनोद कुणी करायचा आणि कुणासमोर, हा मतभेदाचा नवा पदर होता आणि तो जातीवर्गाचा होता.

आणि आता आपण २०१६च्या एप्रिलमध्ये येऊन पोहोचतो. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची चार गाणी आली. संगीत अजय-अतुल यांचे. शब्दही त्यांचेच, काही ठिकाणी मंजुळे यांच्यासह. 'विश्वविनायक' या गणेशस्तुतीच्या अल्बमपासून या भावांचा भव्य वाद्यमेळाकडे ओढा होता आणि इलयराजा हे त्यांचे उघड दैवत. 'सैराट'साठी त्यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तिथल्या सिंफनी वादकांकडून आपले संगीत ध्वनिमुद्रित करून घेतले. करमाळ्याकडच्या ऊसपट्ट्यातले प्रेम आणि हॉलिवूडचे तंतुवाद्यवृंद! लगेच दोन तट पडले. एका बाजूने म्हटले गेले, मातीच्या गोष्टीला हा परदेशी मखमली सदरा कशाला. हलगी-ढोलकीचा मुलूख आहे, तो तसाच ऐकू यावा. दुसरीकडून उत्तर आले की गावातल्या पोराने एवढे मोठे स्वप्न पाहू नये, असेच तुम्हाला म्हणायचे आहे का? शब्दांवरही बोलले गेले : सोलापुरी वळणाची बोली, दारू पिऊन वरातीत नाचणाऱ्या पोराची फुशारकी, हे काव्य म्हणायचे की नाही. १८९६ साली कोल्हटकरांचे शब्द अतिसंस्कृत म्हणून बोचले होते, इथे ते अतिगावठी म्हणून. मी या वादात दुसऱ्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण चित्रपटाच्या रचनेतच आहे. चारही गाणी नायिका-नायक आर्ची-परश्या गावात असतानाची आहेत. विहीर, केळीची बाग, बोट, सारे त्या शेकडो तारांवर तरंगते. ती दोघे पळून हैदराबादला गेली, झोपडपट्टीत राहू लागली, की गाणे नाहीसे होते, आणि शेवटाला तर आवाजच काढून घेतला जातो. परश्याच्या डोळ्यांत पहिल्या अर्ध्या भागात जे जग आहे ते खरोखरच एवढे मोठे आहे; ते त्या मापाने ऐकवले म्हणूनच त्याचे नसणे दुसऱ्या अर्ध्या भागात इतके जड होते. फक्त हलगीवर हे झाले नसते. वाद्यमेळ इथे दागिना म्हणून आलेला नाही. नाट्यमन्वंतराने संगीताला जे काम नेमून दिले होते, प्रसंगाचे आतले बोलणे बोलण्याचे, तेच तो करतो. शब्दांच्या बाबतीतही, 'सौभद्रा'नंतर मराठी गाण्यात चाल आणि बोली इतकी बिनतोड क्वचितच जुळली असेल.

२०१८ साली 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' आला आणि त्यातल्या 'झिंगाट' या गाण्याला अमिताभ भट्टाचार्यांचे हिंदी शब्द मिळाले. जबलपूरसारख्या हिंदी शहरात लग्नाच्या वरातीत वाजू लागले ते हेच. विजय नगरमधल्या मराठी घरांतली पुष्कळ मुले हे गाणे प्रथम हिंदीत शिकली, आणि मग त्यांच्या घरांत एक नवीच वादावादी सुरू झाली. 'सैराट'च्या वेळी हे काय परदेशी वाजवून ठेवले आहे म्हणणारे काका-आजोबा आता मुलांना बजावू लागले, की हिंदीत त्या बोलीची चव उतरत नाही, मूळ मराठीच ऐका, ते खरे आपले. मुले म्हणतात, चाल तीच, बँड तोच, मग फरक कसला? आजोबा पहिले कडवे म्हणून दाखवतात, नातू मोबाइलवर हिंदी कडवे लावतो, आणि आई स्वयंपाकघरातून दोघांनाही आवाज कमी करायला सांगते.